गोव्यातून ताऱ्याचं पिधान टिपायचंय? पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी पूर्ण माहिती

नेपच्यूनच्या पलीकडे, सहाशे कोटी किलोमीटरवर फिरणारा हजार किलोमीटर व्यासाचा पिंड आपल्या आकाशात एका विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जेमतेम तिसाव्या भागाएवढा असतो. घरच्या दुर्बिणीतून त्याचं बिंब दिसण्याचा प्रश्नच नाही, बहुतेक वेळा तो ठिपका म्हणूनही सापडत नाही. पण हाच पिंड एखाद्या ताऱ्याच्या बरोबर समोरून गेला की तारा काही सेकंद नाहीसा होतो. तो कधी गेला आणि कधी परत आला एवढं नीट नोंदलं, तरी पिंडाची रुंदी थोड्याफार किलोमीटरच्या फरकाने हाती येते. हेच पिधान.

हे काम मोठ्या वेधशाळांपुरतं नाही. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाताना तारा आधी आणि नंतरही थोडा थोडा मिणमिणला आणि युरेनसला कडी असल्याचं कळलं. जेम्स एलियट यांचा गट तेव्हा विमानातल्या दुर्बिणीवर होता आणि त्याच रात्री तमिळनाडूतल्या कवलूरहून जे. सी. भट्टाचार्य व के. कुप्पुस्वामी एक मीटरच्या दुर्बिणीने तेच पिधान बघत होते. पुढे ३ जून २०१३ च्या पिधानातून कॅरिक्लो या अडीचशे किलोमीटरच्या पिंडाभोवती दोन कडी सापडली, २१ जानेवारी २०१७ ला नेपच्यूनपलीकडच्या हौमिआभोवती एक. २०२३ मध्ये तिथल्याच क्वाओअर या पिंडाचं कडं जाहीर झालं, त्यामागच्या नोंदींत हौशी निरीक्षकांच्या नोंदीही होत्या.

गोव्यात आता बऱ्याच घरांत सहा-आठ इंची दुर्बिणी आहेत. शनीची कडी पाहुण्यांना दाखवून झाली की त्या कपाटावर जातात. हा लेख त्या दुर्बिणींच्या मालकांसाठी आहे.

१. सगळ्यात आधी वेळ

नेपच्यूनपलीकडच्या पिंडाची सावली प्रतियुतीच्या सुमारास (पिंड आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना) पृथ्वीवरून सेकंदाला साधारण २५ किलोमीटर वेगाने धावते. तुमच्या घड्याळात एका सेकंदाची चूक असेल तर पिंडाची कड २५ किलोमीटरने सरकली, म्हणजे पणजी ते फोंडा हवाई अंतरापेक्षाही जास्त. ताऱ्याचं विझणं सुंदर टिपलं पण वेळ भरवशाची नाही, तर त्या नोंदीचा शास्त्रज्ञांना फारच थोडा उपयोग. उलट तारा विझलाच नाही, पण वेळ आणि जागा पक्की आहे, तर ती नोंद सोन्यासारखी. पिंड इथपर्यंत पोचत नाही हे तिच्यावरून ठरतं. खरेदी करताना, जागा निवडताना, सराव करताना हे लक्षात ठेवा.

लॅपटॉपचं घड्याळ सेकंदांनी मागेपुढे जातं, त्यावर विसंबू नका. इंटरनेटवरून वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर टाकलं तर फरक शतांश सेकंदांच्या घरात येतो. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा वेळ-सर्व्हरही त्यासाठी वापरता येतो. पण नेत्रावळीच्या किंवा सुर्लाच्या खोऱ्यात मोबाइलची रेंज मिळाली तर मिळाली, आणि रेंज गेली की घड्याळ पुन्हा वाहवत जातं. म्हणून शक्य असेल तर जीपीएसवरच जा. क्यूएचवाय १७४ सारख्या काही कॅमेऱ्यांत जीपीएस आतच असतो आणि प्रत्येक चौकटीवर (फ्रेमवर) वेळ उमटते. ते महाग पडतं. स्वस्तातला मार्ग म्हणजे सेकंदाला एक ठोका देणारं जीपीएस मॉड्यूल घेऊन त्याला छोटा एलईडी जोडायचा आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला व शेवटी तो दुर्बिणीच्या तोंडाशी धरायचा. मधल्या चौकटींच्या वेळा नंतर त्यावरून काढता येतात, मात्र चौकटी गळलेल्या नसाव्यात.

२. काय काय लागेल

- किमान सहा, शक्यतो आठ इंची किंवा मोठी दुर्बीण. ताऱ्यामागे आपोआप फिरणारा माउंट हवा, हाताने ढकलायची डॉब्सोनियन पहिल्या वेळी नको.
- कृष्णधवल सीमॉस कॅमेरा. रंगीत चालतो, पण तेवढाच मंद तारा हाती लागत नाही.
- मोकळी जागा भरपूर असलेला एसएसडी आणि चांगल्या बॅटरीचा लॅपटॉप.
- जीपीएस वेळेची वरच्यापैकी एक सोय.
- बारा व्होल्टची बॅटरी, दवरोधक पट्टी, लाल टॉर्च, ताडपत्री.
- सॉफ्टवेअर: घटना शोधायला ऑकल्ट वॉचर, आकाश बघायला स्टेलॅरियम, रेकॉर्डिंगला शार्पकॅप, दुर्बीण नेमकी कुठे बघतेय हे कळायला अॅस्टॅप, विश्लेषणाला टँग्रा किंवा पायमूव्ही आणि पायओटीई. शार्पकॅपच्या काही सोयींना पैसे पडतात, बाकी सगळं फुकट आहे.

दवरोधक पट्टीला ऐच्छिक समजू नका. गोव्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आकाश निरभ्र असतं, पण हवेत ओल असतेच. सत्तरीत मध्यरात्रीनंतर धुकं उतरलं की पुढच्या काचेवर आधी कडेने धुरकट वलय येतं, मग ते आत सरकतं, आणि स्क्रीनवरचे मंद तारे एकेक करत बुजतात. फडक्याने काच पुसू नका, ओरखडे पडतात. पट्टी संध्याकाळपासूनच चालू ठेवा. काच थंड होऊ दिली नाही तर दव पडत नाही.

३. चंद्रावर हात बसवा

चंद्र जवळजवळ रोज रात्री कुठला ना कुठला तारा झाकत असतो. अमावास्येनंतर पौर्णिमेपर्यंत चंद्राची काळोखी कड पुढे असते, त्यामुळे तारा त्या अंधारात एका क्षणात गडप होतो. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा हे ठळक तारे चंद्राच्या वाटेवर आहेत, त्यांची पिधानं मधूनमधून येतात. पण सरावाला सातव्या-आठव्या प्रतीचा साधा ताराही पुरे. प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद.

घरच्या गच्चीवरून हे करा. रेकॉर्डिंग चालू करा, वेळेची खूण घाला, फाइल उघडून तारा कुठल्या चौकटीत गेला ते शोधा आणि भाकिताशी ताडून बघा. दोन-तीन महिने हे जमलं की मग लघुग्रहांकडे वळा. मंगळ-गुरूमधल्या लघुग्रहांची पिधानं भरपूर होतात. नेपच्यूनपलीकडची विरळ आणि तारे मंद, म्हणून तिथे थेट उडी घेण्यात अर्थ नाही.

४. घटना निवडणं

ऑकल्ट वॉचरमध्ये आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश घाला. पणजीसाठी साधारण १५.५ उत्तर, ७३.८ पूर्व. कार्यक्रम तुमच्या आसपासच्या घटनांची यादी देतो. प्रत्येक नोंदीत हे बघा:

ताऱ्याची प्रत. आठ इंचीला छोट्या एक्स्पोजरमध्ये बाराव्या-तेराव्या प्रतीपर्यंतचा तारा हाताळता येतो. सुरुवातीला अकराव्यापेक्षा मंद घेऊ नका.

प्रकाशातली घट. तारा अकरावा आणि लघुग्रह चौदावा असेल तर तारा झाकल्यावर फक्त चौदाव्या प्रतीचा ठिपका उरेल, म्हणजे तीन प्रतींची घट. ती स्पष्ट दिसते. अर्ध्या प्रतीची घट नवख्याला नको.

जास्तीत जास्त कालावधी. एक्स्पोजर एवढं ठेवा की त्या काळात किमान दहा-बारा चौकटी बसतील. चार सेकंदांच्या घटनेला ०.२ सेकंद ठीक.

ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची. तीस अंशांच्या खाली असेल तर सोडा. किनाऱ्यावरून पश्चिमेकडे खाली बघाल तर समुद्रावरची वाफ आणि मच्छीमारी बोटींचे दिवे, दोन्ही आड येतात.

मार्गाची अनिश्चितता. गाया उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्यांच्या स्थानांमुळे, विशेषतः २०१८ च्या दुसऱ्या यादीनंतर, भाकितं खूप सुधारली आहेत. तरी दूरच्या पिंडांची कक्षा तेवढी पक्की नसते आणि शेवटच्या आठवड्यात मार्ग शंभर-दोनशे किलोमीटर सरकू शकतो. दोन दिवस आधी भाकीत पुन्हा बघितल्याशिवाय सामान गाडीत भरू नका. दूरच्या पिंडांसाठी पॅरिस वेधशाळेच्या लकी स्टार प्रकल्पाची भाकितंही जरूर बघा.

गोव्याच्या हवामानामुळे इथे आणखी एक चाळणी लागते. जून ते सप्टेंबर आकाश बंद. त्यामुळे ज्यांची प्रतियुती पावसाळ्यात येते ते पिंड, म्हणजे प्लूटो आणि क्वाओअर, आपल्या हातून निसटतात. फार तर एप्रिल-मेच्या उत्तररात्री किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी पश्चिमेला थोडी संधी असते. ६ जून २०२० चं प्लूटोचं पिधान उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीतून टिपलं गेलं आणि त्यातून प्लूटोच्या वातावरणाच्या दाबाचं मोजमाप मिळालं. जूनमध्ये गोव्यात बसून ते जमलं नसतं. मात्र हौमिआ भूतप तारकासमूहात आणि मेकमेक हा तसाच दूरचा पिंड अरुंधती केश तारकासमूहात आहे, त्यांची प्रतियुती मार्च-एप्रिलमध्ये येते. त्या महिन्यांत आपलं आकाश बहुधा मोकळं असतं. या दोघांकडे गोवेकरांनी लक्ष ठेवावं असं मला मनापासून वाटतं, पण दुर्बीण बारा इंचांपुढची असेल तरच.

५. तारखेचा घोळ

भाकितं जागतिक वेळेत असतात. भारतीय वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे. भाकितात १४ जानेवारी, १९:१० लिहिलं असेल तर आपल्याकडे १५ जानेवारीचे ००:४० वाजलेले असतात, म्हणजे १४ च्या रात्री दुर्बीण लावायची. पण भाकितात १४ जानेवारी, ००:३० असेल तर आपल्याकडे १४ चीच पहाट, सकाळचे ६:००, आणि तयारी १३ च्या रात्री. हा घोळ फार जणांचा होतो. कागदावर दोन्ही वेळा लिहा, वाराचं नाव लिहा आणि सोबतच्या माणसाकडून एकदा वाचून घ्या. अहवाल पाठवताना मात्र जागतिक वेळच द्यायची.

६. जागा

गोवा उत्तर-दक्षिण साधारण शंभर किलोमीटर लांब आहे, आणि हे आपलं मोठं भाग्य. सावल्या बऱ्याचदा पूर्व-पश्चिम दिशेने जातात. दूरच्या पिंडांच्या तर प्रतियुतीजवळ पूर्वेकडून पश्चिमेकडे. त्यामुळे एक जण पेडण्यात, एक फोंड्यात, एक केप्यात आणि एक काणकोणात बसला तर सावलीचे चार वेगवेगळे छेद मिळतात आणि त्यांवरून पिंडाचा आकार उभा राहतो. चौघांनी एकाच गच्चीवर बसून काही साधत नाही. एका सावलीत एकाच ठिकाणी दहा दुर्बिणी असल्या तरी छेद एकच मिळतो.

उजेड टाळायला बार्देश-तिसवाडीची किनारपट्टी सोडून आत या. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोणचा आतला भाग चांगला. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाल्यावर पेडण्यातल्या सड्यांवरचं (खडकाळ पठारांवरचं) आकाश पूर्वीसारखं राहिलेलं नाही, जागा निवडताना आधी जाऊन बघा. सह्याद्रीच्या पायथ्याशी बसलात तर पूर्वेचं क्षितिज डोंगराने खाल्लेलं असतं. तारा नुकताच उगवलेला असेल तर हे तपासाच.

मला स्वतःला जांभ्याचा सडा आवडतो. तिवईला घट्ट आधार मिळतो आणि चारही बाजू मोकळ्या. पण सड्यावर फुरशी असतात, तीही दगडांच्या फटीत आणि वाळक्या गवतात. उजेड असताना जागा झाडून घ्या, ताडपत्री अंथरा, पायात घोट्यावर येणारे बूट घाला आणि खाली पडलेली केबल हाताने चाचपडू नका, आधी टॉर्च मारा. रात्री एकट्याने जाऊ नका. सत्तरी-सांग्यात गवेही रस्त्यावर येतात, परतताना गाडी हळू.

गावातली जत्रा केव्हा आहे ते विचारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे जत्रांचे दिवस, देवळासमोर रात्रभर नाटक आणि दिव्यांच्या माळा. त्या रात्री दुसरा गाव गाठा.

७. परवानग्या आणि कागद

- जमीनमालकाची किंवा भाटकाराची परवानगी. तोंडी चालते, पण दोन ओळींचं पत्र असलं तर बरं.
- ग्रामपंचायतीला आणि जवळच्या पोलिस ठाण्याला साधं माहितीपत्र: कोण, कुठे, किती वाजेपर्यंत, कशासाठी. मध्यरात्री सड्यावर लाल उजेडात हालचाल करणारी माणसं दिसली की गावकरी काळजीने येतातच.
- म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले ही अभयारण्यं असतील तर वनखात्याची लेखी परवानगी. ती नसेल तर अभयारण्याच्या हद्दीबाहेरच बसा.
- सगळ्यांची ओळखपत्रं आणि घटनेच्या भाकिताची छापील प्रत. ती दाखवली की समजावणं सोपं जातं.

दाबोळी हा नौदलाचा तळ आहे. त्याच्या आसपास दुर्बीण-कॅमेरा घेऊन बसू नका. आणि विमानतळ जवळ असो वा नसो, हिरवा लेझर आकाशात मारू नका.

पथदिवे घटनेपुरते बंद करायची विनंती पंचायतीला करायला संकोच करू नका. १७ जुलै २०१७ ला अर्जेंटिनात नेपच्यूनपलीकडच्या अॅरोकॉथ या पिंडाच्या पिधानासाठी २४ दुर्बिणी लावल्या होत्या. तिथे गावाने रस्त्यावरचे दिवे घालवले, महामार्गावरची वाहतूक थांबवली, वारा अडवायला ट्रक आडवे उभे केले. त्यातल्या पाचच दुर्बिणींना तारा विझताना दिसला, पण बाकीच्यांच्या नोंदीही धरूनच पिंडाचा आकार आधी कळला आणि १ जानेवारी २०१९ ला न्यू होरायझन्स यान त्याच्याजवळून गेलं.

८. आदल्या रात्रीचा सराव

तारे रोज साधारण चार मिनिटं लवकर उगवतात. घटना उद्या ००:४० ला असेल तर आज ००:४४ ला तोच तारा आकाशात अगदी त्याच जागी असतो. आज त्या वेळी दुर्बीण लावा, तारा शोधा, उद्याचंच एक्स्पोजर आणि गेन (कॅमेरा संकेत किती वाढवतो ते) ठेवून पाच मिनिटं रेकॉर्ड करा. झाड आडवं येतं का, चंद्राचा उजेड किती, फाइल केवढी होते, बॅटरी किती उतरते, सगळं त्यातून कळतं. बरोबर ताराच शोधलाय ना, हे अॅस्टॅपने चौकट ताडून पक्कं करा. आजूबाजूच्या ताऱ्यांचा आकार लक्षात राहावा म्हणून स्क्रीनचं चित्र जतन करा, उलटसुलट दिसत असेल तर तसंच.

चौकटीत पिधानाच्या ताऱ्याशिवाय किमान एक तरी दुसरा तारा हवाच. विरळ ढग गेला तर दोन्ही तारे मंदावतात. पिधान झालं तर एकच मंदावतो. तुलनेला तारा नसेल तर तुमच्या नोंदीवर कुणी विश्वास ठेवणार नाही आणि तो ठेवूही नये.

९. घटनेची रात्र

घटनेच्या किमान दोन तास आधी पोचा. ध्रुव उत्तरेला जेमतेम साडेपंधरा अंशांवर असतो, झाडांमागे लपला तर माउंट जुळवायला वेळ लागतो.

अर्धा तास आधी तारा चौकटीत असला पाहिजे. मग कशालाही हात लावू नका. गेन, एक्स्पोजर, फोकस आता बदलायचे नाहीत. स्वयंचलित समायोजन, चित्र उजळ करणं, अनेक चौकटी एकत्र करणं, हे सगळं बंद. फाइल एसईआर किंवा फिट्स प्रकारात, कुठलंही आकुंचन न करता. तारा इतका उजळ दिसू देऊ नका की मधला भाग पांढरा होऊन सपाट पडेल. लॅपटॉपचं अपडेट, अँटीव्हायरस आणि झोपायची सोय बंद करा.

साध्या लघुग्रहासाठी घटनेच्या तीन-चार मिनिटं आधी सुरुवात करा आणि नंतर तेवढीच मिनिटं चालू ठेवा. दूरच्या पिंडासाठी दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटं तरी. कडी आणि छोटे चंद्र मुख्य घटनेच्या आधी-नंतरच डोकं वर काढतात. युरेनस आणि कॅरिक्लोच्या वेळी तेच झालं. वेळ टळून गेली, काहीच दिसलं नाही, आता बंद करू, असं म्हणून थांबवू नका.

प्रत्यक्षात काय दिसतं? स्क्रीनवर हवेमुळे थरथरणारा एक राखाडी ठिपका असतो. तो मंद होत होत जात नाही. एका चौकटीत आहे, पुढच्या चौकटीत तिथे नुसता खरखरीत काळा पडदा. शेजारचा तारा आपल्या जागी थरथरतोय. मग मनातल्या मनात मोजलेल्या पाच-सहा अंकांनंतर ठिपका आधीच्याच जागी उभा. त्या वेळी ओरडा, हसा, पण टेबलाला धक्का देऊ नका, रेकॉर्डिंग अजून चालू आहे.

१०. नंतरचं काम

टँग्रा किंवा पायमूव्हीमध्ये फाइल उघडून प्रकाशाचा आलेख काढा, पायओटीईमधून विझण्याची आणि परत येण्याची वेळ काढा. दोन वेळांतला फरक गुणिले सावलीचा वेग म्हणजे तुमच्या जागेवरून गेलेल्या छेदाची लांबी. तारा २० सेकंद झाकला आणि सावलीचा वेग सेकंदाला २४ किलोमीटर असेल तर ४८० किलोमीटर. मात्र हा पूर्ण व्यास नव्हे, तुम्ही कडेला असाल तर छेद आखूडच मिळतो.

अहवाल आंतरराष्ट्रीय पिधान वेळ संघटनेच्या तक्त्यात भरा. त्यात तुमची जागा पाच दशांश स्थळांपर्यंत, समुद्रसपाटीपासूनची उंची, दुर्बीण, कॅमेरा, एक्स्पोजर, वेळ कशी घेतली हे सगळं लागतं. जागेचे आकडे घटनास्थळीच मोबाइलमध्ये टिपून घ्या, घरी आल्यावर नकाशावरून अंदाजाने घालू नका. दूरच्या पिंडासाठी ऑकल्टेशन पोर्टलवर मूळ फाइलही चढवता येते. तारा विझला नसेल तरी अहवाल पाठवायचाच. ढगांनी बुडवलं असेल तर तसं लिहा. वेळेची शंका असेल तर तीही स्पष्ट लिहा, आकडा रेटून पाठवू नका.

गोव्यात सोबत हवी असेल तर असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी ही जुनी संस्था आहे, तिथल्या लोकांशी बोला. ऑकल्ट वॉचरमध्ये आपली जागा आधीच जाहीर केलीत तर कर्नाटक-महाराष्ट्रातल्या निरीक्षकांनाही तुम्ही कुठे बसणार ते दिसतं आणि ते आपला छेद तुमच्यापासून दूर निवडू शकतात. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, नावात जागतिक तारीख, गाव आणि पिंडाचा क्रमांक घाला. कक्षा सुधारली की वर्षा-दोन वर्षांनीही कुणी ती फाइल मागू शकतं.